पंधरा अँपियरचा हिशेब

सांगलीच्या घरी बाथरूमबाहेर १५ अँपियरचं जाड पॉवर सॉकेट होतं. त्यावर गीझर चालायचा. पंधरा अँपियर म्हणजे भरपूर वीज, हे माझ्या डोक्यात तिथेच पक्कं बसलं. पुढे इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, टेक्सासमध्ये वीस वर्षं काढली, तरी ते निघालं नाही. भारतात २३० व्होल्टवर १५ अँपियर म्हणजे जवळजवळ साडेतीन हजार वॅट. अमेरिकेत १२० व्होल्टवर त्याच १५ अँपियरचे १८०० वॅट होतात. तासन्‌तास चालणाऱ्या लोडसाठी तर त्यातले १२ अँपियरच धरायचे असतात. कुणी विचारलं असतं तर हे गणित मी लगेच मांडून दाखवलं असतं. ट्रेलरची केबल जोडताना मात्र ते मला आठवलंसुद्धा नाही.

ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चालतं घर, आम्ही सेकंडहँड घेतलं. छतावर दोन एसी आणि ५० अँपियरची केबल. आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली होती, तिला युटामधले लाल डोंगर दाखवायचे होते. जुलैत मोआबजवळच्या एका जुन्या कॅम्पग्राउंडवर पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि ऊन चाळिशीला टेकलं होतं. आमच्या जागेवरच्या खांबावर फक्त ३० अँपियरचं सॉकेट होतं. ५० ची केबल ३० ला जोडणारा अडॅप्टर माझ्याजवळ होता, तो लावला. पन्नासावरून तीसवर आलो, म्हणजे चाळीस टक्के वीज कमी, असा माझा समज. खरं तर ५० अँपियरच्या जोडणीत ५० च्या दोन वेगळ्या लाइनी येतात, मिळून १२,००० वॅट. तीसच्या जोडणीत एकच लाइन असते, ३,६०० वॅट. म्हणजे सत्तर टक्के वीज गेली होती. अडॅप्टर फक्त प्लगचा आकार जुळवतो.

एक एसी लावला, साधारण १३ अँपियर. पाणी तापवायचा हीटर गॅसवरही चालतो आणि विजेवरही. तो विजेवर राहिलाय हे माझ्या लक्षातच नव्हतं, त्याचे १२. बॅटरी चार्ज होत होती, तिचे आणखी काही. आईने चहासाठी किटली लावली आणि खांबावरचा ब्रेकर पडला. किटली काढून मी ब्रेकर उचलला. एसीचा कॉम्प्रेसर नुसता घुमला, सुरू झाला नाही, ब्रेकर पुन्हा पडला. असं मी दहा मिनिटांत चार वेळा केलं. मायक्रोवेव्हशेजारच्या छोट्या मीटरवर व्होल्टेज १०३ दिसत होतं, ते मी पाहिलंही होतं. सांगलीत फ्रिजला स्टॅबिलायझर लावल्याशिवाय आम्ही राहिलो नाही. व्होल्टेज पडलं की मोटार जास्त करंट ओढते आणि जळते, हे तिथे लहान मुलांनाही माहीत होतं. अमेरिकेत व्होल्टेज पडत नाही, असं मी का धरलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. त्या उन्हात सगळ्या कॅम्पग्राउंडचे एसी एकाच जुन्या वायरिंगवर चालू होते. शिवाय बंद पडलेल्या कॉम्प्रेसरला आतला दाब उतरायला काही मिनिटं द्यावी लागतात, तीही मी दिली नाहीत. चौथ्या खेपेनंतर तो एसी कायमचा गेला.

त्यापुढचं मात्र पैशात मोजता येत नाही.

तिसऱ्या दिवशी डेन्व्हरजवळ मावसभावाकडे पोचलो. त्याच्या अंगणात ट्रेलर लावला. गॅरेजमध्ये साधं १५ अँपियरचं सॉकेट होतं. एकापुढे एक दोन अडॅप्टर लावले आणि त्याचीच ५० फुटांची नारिंगी एक्स्टेंशन घेतली. तिच्यावर १६ गेज छापलं होतं. इथल्या गेजमध्ये आकडा वाढला की तार बारीक होते. वीसेक फूट लागली, उरलेल्या तारेचं वेटोळं करून ट्रेलरच्या पायरीखाली सरकवलं आणि उरलेला एसी लावला.

रात्री दहाला आई म्हणाली, "अरे, काहीतरी जळल्यासारखा वास येतोय बघ."

मी म्हणालो, "टायर तापलेत गं आई. दिवसभर पळवलेत ना."

बघायला मी उठलो नाही. एकच्या सुमारास तिनेच मला हलवून उठवलं. ट्रेलरमध्ये धुराचा उग्र वास भरला होता, माझा मुलगा गाढ झोपला होता. बाहेर जाऊन पाहिलं तर वेटोळ्याची वेष्टणं मऊ होऊन एकमेकांना चिकटली होती आणि अडॅप्टरमधला प्लग वितळून काळा पडला होता. ब्रेकर पडलाच नव्हता, कारण १३ अँपियर हे १५ पेक्षा कमीच. तो भिंतीतली तार सांभाळतो, बाहेर जोडलेल्या बारीक तारेचं त्याला काही कळत नाही. जाऊन-येऊन शंभर फुटांच्या त्या तारेत साठ-सत्तर वॅट उष्णता होत होती आणि त्यातली निम्म्याहून जास्त वेटोळ्यात कोंडली होती. तेही लाकडी पायरीखाली, आणि पायरी दाराला लागून.

डेन्व्हरला जुलैतही रात्री गारवा असतो. खिडक्या उघडून छतावरचा पंखा लावला असता, तर एसीची गरजच नव्हती.

मावसभावाचं सॉकेट मी नवीन बसवून दिलं. नंतर ट्रेलरमध्ये खूप बदल केले. व्होल्टेज १०४ च्या खाली गेलं की आपोआप वीज तोडणारं संरक्षक यंत्र बसवलं. एसीला सॉफ्ट स्टार्टर लावला, त्यामुळे सुरू होतानाचा करंटचा झटका निम्म्याहून कमी झाला. फ्रिज आणि पाण्याचा हीटर गॅसवर चालवतो. १० गेजची जाड, लागेल तेवढीच केबल नेतो आणि ती पूर्ण उलगडतो. बाहेरून जास्तीत जास्त किती अँपियर घ्यायचे ते ठरवून देता येतं असा इन्व्हर्टर घेतला. वरची गरज तो बॅटरीतून भागवतो. या सगळ्याच्या आधी त्या रात्री जे उपयोगी पडलं असतं, ते विकत घ्यायचं नव्हतं. दहा वाजता उठून तारेला हात लावायचा होता.

पुढच्या उन्हाळ्यात आई पुन्हा आली. त्याच अंगणात, त्याच गॅरेजच्या सॉकेटवर राहिलो. इन्व्हर्टरची मर्यादा १० अँपियरवर ठेवली, एसी बंद, खिडक्या उघड्या. टायरचं मी तिला वर्षापूर्वी जे सांगितलं होतं, ते मुद्दाम खोटं नव्हतं, पण न बघता सांगितलं होतं, हे मी तिला त्या संध्याकाळी बोललो. ती काही म्हणाली नाही. रात्री अकराला मी टॉर्च घेऊन बाहेर गेलो तर तीही चपला घालून मागे आली, आणि प्लगला आधी तिनेच हात लावला.