तारतम्याचे यंत्र

'तारतम्य' हा आपल्या समीक्षेत सढळपणे वापरला जाणारा शब्द आहे. त्याची व्याख्या करू गेले की तो निसटतो. मात्र याच एका गुणावर चालणारे एक साधे यंत्र गेली अनेक दशके आपल्या रस्त्यांवर धावते आहे. ते म्हणजे कार्बोरेटर. इंजिनाने ओढलेली हवा त्याच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तेथे दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतील पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रातून वर खेचले जाऊन हवेत मिसळते. वजनाने सुमारे १५ भाग हवेस १ भाग पेट्रोल, एवढाच काय तो हिशेब. तो बिघडला की गाडी एक तर अडखळते, नाहीतर काळा धूर ओकते.

माझ्याकडील हिरो होंडा सीडी १०० वडिलांनी १९९४ साली घेतली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा तालुक्यातील त्यांची शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरत असे. तेथे ते याच गाडीवरून जात. वडील आता नाहीत. २०११ मध्ये कंपनीचे नाव बदलले, २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. टाकीवरचे जोडनाव आणि पाटीवरचे 'एम. एच. २५' मात्र तसेच आहे. म्हणूनच या गाडीचा कोणताही मूळ भाग काढून टाकणे मला जड जाते.

तुळजापूरच्या घाटात गाडी दम टाकू लागली तेव्हा मिस्त्रींनी कार्बोरेटर उघडला. "सर, आता साफ करून भागत नाही. बॉडीच झिजलीय बघा," असे म्हणत त्यांनी आतली स्लाइड हलवून दाखवली. तिच्या फटीतून नको ती हवा शिरत होती. रबरी रिंगही फुगली होती. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. ज्या उसावर आमच्या जिल्ह्यातले कारखाने चालतात, त्या उसापासूनही हे इथेनॉल होते!

नवा कार्बोरेटर बसवला म्हणजे काम संपत नाही. खोक्यातून येतो तेव्हा तो कोणत्याही एका इंजिनाचा नसतो. तीस वर्षे झिजलेल्या इंजिनाशी त्याची सोयरीक जुळवावी लागते. मिस्त्रींनी हवेचा पेच पूर्ण आवळला, मग दीड फेरा सैल केला आणि गाडी तापल्यावर डोळे मिटून तो किंचित मागेपुढे करीत राहिले. आवाज एकसारखा झाला तेथे त्यांचा हात थांबला.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. इंधन किती सोडायचे हे आता सेन्सर आणि संगणक ठरवतात. त्याने प्रदूषण घटते, ही गोष्ट लहान नव्हे. गतकाळाची ओढ हा काही तिला प्रतिवाद होऊ शकत नाही. तरीही मिस्त्रींच्या हाताखालचा मुलगा स्कॅनर लावायला शिकतो आहे, कान लावायला नाही, हे मनाला लागते. पुस्तिकेत फेऱ्यांची संख्या सापडते. उरलेला पाव फेरा कानातच असतो, आणि तो कान माणसासोबत जातो.

आठवड्याने मिस्त्रींनी प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवला. टोक काळे असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी. ते विटकरी होते.

"अजून पाच-दहा वर्षं काढील, सर," ते म्हणाले.