खंदकावरचे घर

सियालदहला स्टेशनच्या गजबजाटापासून माझे बिऱ्हाड फार दूर नाही. रात्री उशिरापर्यंत गाड्यांच्या शिट्ट्या ऐकू येतात आणि त्यांच्या सोबतीने वाचीत पडावयाचे, हा माझा कित्येक वर्षांचा परिपाठ. कॉलेज स्ट्रीटवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात एकदा एच. जी. वेल्स यांचा १९२० साली प्रसिद्ध झालेला जगाचा इतिहास हाती लागला, तो मी मोठ्या आनंदाने घरी आणला.

असे ग्रंथ वाचण्यात एक निराळे सुख असते. टोळ्या येतात, नगरे जळतात, साम्राज्ये उभी राहतात आणि मातीस मिळतात; वाचणारा मात्र दिव्याखाली सुरक्षित असतो. हे सारे ‘मानवाने’ केले, असे म्हणून तो पान उलटतो. त्या मानवात आपणही आलो, हे त्याला मान्य असते. पण त्याचा त्रास होत नाही.

एके संध्याकाळी शेजारच्या मासीमा पणतूला निजवीत होत्या. बर्गींच्या भयाचे आणि न भरता येणाऱ्या साऱ्याचे ते बंगालचे जुने अंगाईगीत. मी सहज विचारले, “मासीमा, हे बर्गी कोण?”

त्या हसल्या. “तुम्हाला ठाऊक नाही? अहो, तुमचेच लोक ते!”

बर्गी म्हणजे आपला बारगीर, सरकारी घोड्यावर बसणारा स्वार! त्या रात्री वेल्स मिटून मी बंगालचा इतिहास काढला. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजांनी १७४२ ते १७५१ या काळात बंगालवर स्वाऱ्या केल्या. शाळेत शिकलेले मला आठवत होते ते एवढेच, की १७४४ साली अलिवर्दीखानाने भास्करपंत कोल्हटकरांना भेटीस बोलावून दगा दिला आणि पुढे बारा लाखांची चौथाई ठरली. गंगाराम नावाच्या समकालीन बंगाली कवीने मात्र ‘महाराष्ट्र पुराण’ रचून ठेवले आहे. त्यात जळणारी गावे आहेत, स्त्रियांची विटंबना आहे, आणि पोथ्यांचे भार घेऊन पळणारे पंडित व तराजू घेऊन पळणारे सोनार आहेत.

त्याच भयाने कलकत्त्याच्या रहिवाशांनी १७४२ मध्ये शहराभोवती सात मैलांचा खंदक खणावयास घेतला. तीनेक मैल झाल्यावर काम थांबले. मराठे तिथवर आलेच नाहीत. पुढे १७९९ मध्ये त्याचा बराचसा भाग बुजवून सर्क्युलर रोड झाला. त्याच रस्त्याने, आजच्या आचार्य प्रफुल्लचंद्र मार्गाने, मी रोज भाजी आणावयास जातो.

महाराष्ट्र आणि बंगाल यांच्या नात्याचा विषय निघाला की मी आजवर सखाराम गणेश देउस्करांचे नाव काढीत असे. मराठी घरातल्या या माणसाने १९०४ साली बंगालीत ‘देशेर कथा’ लिहिली, बंगालला शिवाजी महाराजांची ओळख करून दिली. तो अभिमान खोटा नव्हता, अर्धा होता.

दुसऱ्या दिवशी मी मासीमांकडे गेलो. काहीसे अवघडूनच विचारले, “त्या गाण्याचे तुम्हाला काही वाटत नाही?”

“आता कशाचे भय, बाबा? नुसता ताल उरला आहे,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, जणू दुसऱ्याच कुणाविषयी बोलाव्यात तशा, सांगू लागल्या. १९५० साली त्या पूर्व बंगालमधून आल्या तेव्हा सात वर्षांच्या होत्या. सियालदहच्या फलाटावर त्यांच्या कुटुंबाने कित्येक दिवस काढले. आईने देवाची मूर्ती लुगड्याच्या पदरात बांधून आणली होती.

गंगारामाचे पंडित आणि सोनार मला पुन्हा आठवले. बंगालमध्ये दोन शतकांहून अधिक काळ झिजून त्या भयाचा ताल झाला. आमच्याकडे मात्र ते कृत्यच स्मरणातून गळाले, चौथाईचा आकडा तेवढा राहिला.

वेल्स मी पुन्हा उघडला आहे. पण आता ‘टोळी आली’ असे कुठे वाचले की थांबतो. तिच्या वाटेवरच्या गावात त्या रात्री कोण जागे होते, आणि तिच्या स्वतःच्या गावी कोण कुणाला अंगाई म्हणत होते, हे दोन्ही प्रश्न मनात येतात. पुस्तक फार सावकाश पुढे सरकते.