ट्रॅक्टरचं नाक

रावेतला मामांकडे गेलो, की चहाच्या आधी हातात काम पडतं. या दिवाळीत ट्रॅक्टर पडला.

ट्रॅक्टर म्हणजे जुना इंटरनॅशनल बी-२७५. महिंद्र आणि अमेरिकेतली इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी १९६३ साली एकत्र संसार थाटला, त्यातलं हे अपत्य. दिसायला नाजूक, खोकला मात्र पैलवानाचा.

"नाक चोंदलंय त्याचं. काळा धूर टाकतोय," मामा म्हणाले.

नाक म्हणजे एअर क्लीनर. आत कागदाची जाळी असेल, एक फुंकर मारली की झालं, अशी माझी शहरी समजूत. खालची कडी सोडवली तर तेलानं भरलेली वाटीच हातात आली. बरंचसं तेल पायजम्यावर. हवा वरून नळीनं खाली येते, तेलावर आपटते आणि वळून वर जाताना धूळ तिथंच सोडून जाते. उरलीसुरली धूळ तारेच्या ओल्या जाळीत अडकते. म्हणजे देवळात शिरण्यापूर्वी पाय धुण्याची सोयच. (आमच्या दिवाणखान्याच्या दारात अशी एक वाटी बसवावी, असं कैक पाहुण्यांच्या बाबतीत मला वाटलेलं आहे.)

तळाशी लोण्यासारखा गाळ होता. मामींचं उलथणं होतं जवळच. न विचारता घेतलं आणि खरवडला. मामांनी तो चिमटीत चोळला.

"पूर्वी काळा निघायचा. आपल्या रानातला. आता बघ, राखाडी. सिमेंट!"

१९९७ मध्ये रावेत महापालिकेत गेलं. पुढं उसाच्या जागी इमारती उगवल्या. मामांकडे उरले वीस गुंठे, आणि त्यांचाही सौदा ठरत आलेला. भंगारवाला दोनदा येऊन ट्रॅक्टर बघून गेला होता.

वाटी, जाळी डिझेलनं धुतली. नवं तेल मी मोठ्या मनानं काठोकाठ ओतलं.

"आरं, भज्याची कढई हाय व्हय ती? खुणंपर्यंतच घाल!"

जादा तेल इंजिन ओढून घेतं आणि त्याच तेलावर बेफाम पळत सुटतं. बंद करायची दांडी ओढली तरी ऐकत नाही. मुकाट्यानं तेल कमी केलं.

मामांनी ट्रॅक्टर चालू केला. धूर स्वच्छ! समोरच्या बाराव्या मजल्यावरून एका बाईंनी तरीही खिडकी लावून घेतली. मामा ऐटीत शेताच्या टोकापर्यंत गेले. पलीकडे सोसायटीची भिंत, वळायला जागा नाही. तसेच मागं मागं आले, मान उलटी करून.

"भंगारवाल्याला काय सांगायचं?" मी विचारलं.

"सांग, ट्रॅक्टर कामावर गेलाय."

तेवढ्यात घरातून मामींचा आवाज आला, "माझं उलथणं कुणी नेलं?"

मामा माझ्याकडे बोट दाखवून मोकळे झाले.