वालवालच्या विहिरी

कोकणातून आलेल्या जुन्या मंडळींना ‘हबसाण’ हा शब्द माहीत असतो. मुरूड-जंजिऱ्याच्या संस्थानाला लोक हबसाण म्हणत, कारण तिथले सिद्दी मूळचे आफ्रिकेतल्या हबसाणातले, म्हणजे आजच्या इथिओपियाकडचे. इस्राएलमध्ये अश्दोदला, बेरशेबाला बेने इस्राएल घरांच्या शेजारी इथिओपियातून आलेले यहुदी राहतात. त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या देशावर १९३५ साली जे गुदरले ते शाळेत दोन ओळींत उरकले जाते. दुसऱ्या महायुद्धाची गोष्ट सांगणारे बहुधा म्युनिकपासून सुरुवात करतात. ती चार विहिरींपासून सुरू केली तर जास्त कळते.

वालवाल ही ओगाडेनच्या कोरड्या माळावरची जागा. विहिरी होत्या म्हणून उंटांचे कळप तिथे यायचे. जागा इथिओपियाच्या हद्दीत बरीच आत होती, तरी शेजारच्या इटालियन सोमालीलँडच्या फौजेने तिथे ठाणे बांधून ठेवले होते. ५ डिसेंबर १९३४ रोजी तिथे दोन्ही बाजूंच्या सैनिकांची चकमक झाली आणि माणसे मेली, इथिओपियाची जास्त. तरीही माफीची मागणी केली ती इटलीने! शिवाय नुकसानभरपाई, आणि इटलीच्या झेंड्याला सलामी.

विहिरीवरचे भांडण तोरातही आहे. गरारच्या गुराख्यांनी इसहाकाच्या माणसांशी पाण्यावरून वाद घातला, तेव्हा इसहाकाने दोन विहिरी सोडल्या, तिसरी खणली आणि तिचे नाव रहोबोथ ठेवले. पुढे अबीमेलेख स्वतः भेटीला आला आणि दोघांनी एकमेकांना शपथ दिली. पण तिथे भांडण खरोखर पाण्याचे होते. वालवालला पाणी हे निमित्त होते. १८९६ साली अडवा येथे सम्राट मेनेलिकच्या सैन्याने इटलीचा दणदणीत पराभव केला होता आणि तो सल मुसोलिनीला काढायचा होता. त्याला साम्राज्य हवे होते. एक विहीर सोडून तो थांबला नसता.

इथिओपियाचा सम्राट हेले सेलासी याने मात्र सगळे नियमाने केले. १९२८ साली दोन्ही देशांनी वीस वर्षांच्या मैत्रीचा करार केला होता. तंटा झाला तर लवाद नेमायचा, असे त्यात ठरले होते. त्याने लवाद मागितला, आणि जिनिव्हाच्या राष्ट्रसंघाकडे दाद मागितली. लवादाचा निकाल आला सप्टेंबर १९३५ मध्ये: दोष कोणाचाच नाही. या नऊ महिन्यांत इटलीची सैन्याने भरलेली जहाजे सुएझ कालव्यातून मसावा बंदरात उतरत होती. सगळे जग ती पाहत होते.

पाहून गप्प का बसले? जानेवारी १९३५ मध्ये फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री लाव्हाल रोमला गेले होते. तिथून मुसोलिनीची समजूत अशी झाली की इथिओपियात फ्रान्स आड येणार नाही. एप्रिलमध्ये स्ट्रेसा गावी ब्रिटन, फ्रान्स आणि इटली हिटलरला आवरण्यासाठी एकत्र बसले. तिथे इथिओपियाचा विषय काढलाच गेला नाही. ठरावात शांततेचा उल्लेख होता, त्यात मुसोलिनीच्या सांगण्यावरून ‘युरोपची’ हा शब्द घातला गेला. एका शब्दाने आफ्रिका बाहेर पडली आणि कोणी हरकत घेतली नाही. मुसोलिनीने या मौनाचा अर्थ होकार असा घेतला, आणि त्याचे फारसे चुकलेही नाही.

लंडन-पॅरिसला आज नावे ठेवणे सोपे आहे. १९१८ ला उणीपुरी सतरा वर्षे झाली होती, घराघरात कोणी ना कोणी गेलेले होते, आणि हिटलरविरुद्ध इटली आपल्या बाजूला असावी ही इच्छा मूर्खपणाची नव्हती. पण सप्टेंबरमध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री होर यांनी जिनिव्हात राष्ट्रसंघाच्या बाजूने ठाम उभे राहण्याचे भाषण केले. एक तोंड जिनिव्हात बोलत होते आणि दुसरे रोमच्या कानाशी लागले होते. नुसते एकच तोंड असते, कोणतेही, तरी निकाल कदाचित वेगळा लागला असता.

३ ऑक्टोबर १९३५ रोजी युद्ध न पुकारताच इटलीचे सैन्य मारेब नदी ओलांडून आत शिरले. चार दिवसांत राष्ट्रसंघाने इटलीला आक्रमक ठरवले आणि नोव्हेंबरमध्ये निर्बंध लागू झाले. त्या निर्बंधांची यादी वाचण्यासारखी आहे. इटलीला घोडे, खेचरे, गाढवे आणि उंट विकायला बंदी होती. पेट्रोलला नव्हती. मुसोलिनीचे रणगाडे, ट्रक आणि विमाने पेट्रोलवर चालत होती. सुएझ कालवाही उघडाच राहिला. पुढे मुसोलिनीने हिटलरजवळ कबूल केले की तेल तोडले असते तर आठवड्याभरात माघार घ्यावी लागली असती, असे हिटलरच्या दुभाष्याने लिहून ठेवले आहे.

तेल तोडण्याची चर्चा चालू असतानाच होर आणि लाव्हाल यांनी गुपचूप एक तोडगा काढला. इथिओपियाचा मोठा भाग इटलीला द्यायचा आणि बदल्यात इथिओपियाला समुद्रापर्यंत जमिनीची एक चिंचोळी पट्टी. डिसेंबरमध्ये पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी तो फोडला. उंटांना जायची वाट, अशी लंडनच्या ‘टाइम्स’ने त्या पट्टीची थट्टा केली. लोक इतके संतापले की होर यांना राजीनामा द्यावा लागला. तोडगा गेला, मागे राहिलेल्या निर्बंधांत जोर नव्हता, आणि इटली शेवटी हिटलरच्याच कुशीत गेली. तेलही गेले, तूपही गेले.

त्याच महिन्यात इटलीच्या विमानांनी मोहरी वायू टाकायला सुरुवात केली. विषारी वायू न वापरण्याच्या १९२५ च्या करारावर इटलीची सही होती. अनवाणी सैनिक, ओढ्यावर पाणी प्यायला आलेली गुरे, शेतकरी, सगळ्यांच्या अंगावर तो पडला. आणि ७ मार्च १९३६ रोजी, ब्रिटन आणि फ्रान्स या भांडणात गुंतलेले असताना, हिटलरने ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य घातले. त्यालाही कोणी अडवले नाही.

मार्चमध्येच जवाहरलाल नेहरू पत्नीच्या निधनानंतर युरोपातून परतत होते. वाटेत त्यांचे विमान रोमला थांबले. मुसोलिनीचे भेटीचे निमंत्रण होते, आग्रहही झाला. त्यांनी भेट नाकारली. त्यांच्या हाती ना तेल होते ना आरमार, पण नाही म्हणणे होते.

मेच्या आरंभी हेले सेलासी देश सोडून निघाला. ब्रिटिश युद्धनौकेने त्याला हैफाला आणले, तिथून तो यरुशलेमला गेला. शलमोन राजा आणि शबाची राणी यांचा वंशज म्हणवणारा हा सम्राट त्या शहरात निर्वासित म्हणून उतरला. हबशांच्या रस्त्यावरचे गोल घुमटाचे इथिओपियन चर्च आजही तिथे आहे. ३० जून रोजी तो जिनिव्हाच्या सभेत अम्हारिक भाषेत बोलायला उभा राहिला, तेव्हा गॅलरीतल्या इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या मारल्या. त्यांना बाहेर काढल्यावर तो शांतपणे बोलला. वायूचे वर्णन त्याने केले, आणि छोट्या राष्ट्रांनी आता कोणाच्या शब्दावर विसंबावे, असे विचारले. पंधरा दिवसांत निर्बंध उठवले गेले.

१९३८ साली मुसोलिनीने स्वतःच्या देशातल्या यहुद्यांविरुद्ध कायदे केले. जून १९४० मध्ये तो हिटलरच्या बाजूने युद्धात उतरला. मग जे काम पाच वर्षांपूर्वी तेलाचा नळ बंद करून कदाचित झाले असते, ते करायला माणसे पाठवावी लागली. त्यांत हिंदुस्थानी फौजेच्या चौथ्या आणि पाचव्या डिव्हिजन होत्या. एरिट्रियात केरनच्या उभ्या डोंगरांवर फेब्रुवारी आणि मार्च १९४१ असे जवळजवळ आठ आठवडे लढाई चालली. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान तिथे लढले. ५ मे १९४१ रोजी हेले सेलासी आदिस अबाबात परतला. त्याच्यासोबत ऑर्ड विनगेट होता, ज्याला इस्राएलमध्ये आजही ‘हा-यदीद’, म्हणजे मित्र, म्हणतात.

केरन गावाबाहेर त्या लढाईतल्या सैनिकांची दफनभूमी आहे. ज्या हिंदू आणि शीख जवानांना तिथे अग्नी दिला, त्यांच्यासाठी त्याच गावी वेगळे स्मारक उभारले आहे.