खरखरीसकट

मामा साखर कारखान्यात कामाला होता आणि त्याला गाता येत नव्हतं. दोन्ही गोष्टी आधीच सांगितलेल्या बऱ्या, कारण त्याच्यामागे राहिलेल्या २१४ कॅसेट बघून लोक पहिला प्रश्न विचारतात, "ते गायक होते का?" नव्हता. पेटीवर त्याला सा शोधायलाही वेळ लागला असता. तो श्रोता होता. वारणानगरहून एसटीनं मिरजेला, सांगलीला, कोल्हापूरला जायचा. पिशवीत सेलवर चालणारा टेप, दोन कोऱ्या कॅसेट आणि मामीनं बांधून दिलेली भाकरी. रात्रभर गाणं ऐकायचं, पहाटेची गाडी पकडायची आणि आठच्या पाळीला हजर व्हायचं. १९८३ ते १९९९ अशी सोळा वर्षं हे चाललं. १९९८मध्ये 'वायर्ड व्हिलेज' योजनेतून वारणा खोऱ्यातल्या सत्तर गावांत कॉम्प्युटर आले, तेव्हाही मामा कॅसेटच्या कव्हरवर बॉलपेननं राग लिहीतच होता.

मामा गेल्यावर मामीचा फोन आला. "भंगारवाला दोनदा येऊन गेलाय. तू येतोस म्हणून थांबवलंय. काय ते बघ आणि घेऊन जा."

कॅसेटपेक्षा आधी मी ती कव्हरं वाचली. बाजारातल्या कॅसेटवर असते तशी माहिती तिथं नाही. "जोग. डावीकडचा खांब. सेल जुने. सुरुवातीची ५ मि. हुकली." किंवा "मिरज, उरूस. पाऊस. भैरवीपर्यंत थांबलो." राग कळला नाही तर प्रश्नचिन्ह, आणि काही महिन्यांनी वेगळ्या शाईत उत्तर. म्हणजे मधल्या काळात त्यानं कुणालातरी गाठून विचारलं होतं.

मिरजेच्या कॅसेट सगळ्यात जास्त. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ १९३७ साली वारले आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ रात्र रात्र संगीत सभा चालते. गाणारे तिथं हजेरी लावायला येतात आणि ऐकणाऱ्याला तिकीट लागत नाही. साखर कारखान्याच्या पगारात भारतातले मोठे गवई ऐकायचे, तर यापेक्षा चांगली जागा कुठली? कोल्हापुरात गायन समाज देवल क्लब आहे, १८८३पासूनचा. तिथल्याही काही कॅसेट आहेत. आणि दहा-बारा कॅसेट खुद्द वारणानगरच्या.

हे सगळं जपायचं कशाला? इंटरनेटवर काय नाही मिळत? हा प्रश्न मला घरातही विचारला गेला. माझं उत्तर कोल्हापुरापासूनच सुरू होतं. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या दरबारात गायक होते. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर त्यांच्या शिष्या. खाँसाहेब १९४६ साली वारले. तोवर ग्रामोफोनच्या तबकड्या येऊन चार दशकं उलटली होती, तरी त्यांचा आवाज आज कुठेही ऐकायला मिळत नाही. जे आहे ते शिष्यांच्या गळ्यातून आलेलं आणि आठवणींच्या पुस्तकांतलं. ज्यांच्या तबकड्या निघाल्या त्यांचंही गाणं साडेतीन मिनिटांत बसवलेलं. ज्या गाण्यात नुसता आलाप अर्धा तास चालतो, त्याचा तो पत्ता म्हणायचा, घर नव्हे. पूर्ण मैफल टिकली ती रेडिओच्या संग्रहात, नाहीतर टेप घेऊन बसलेल्या रसिकांच्या कपाटात. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसनं अशी मैफलीतली मुद्रणं कॅसेटवर काढली, म्हणून ती माझ्या पिढीपर्यंत पोचली.

रसिकानं केलेलं मुद्रण मात्र रसिकाच्याच कानानं केलेलं असतं. अमेरिकेत डीन बेनेडेटी नावाचा सॅक्सोफोन वाजवणारा एक माणूस होता. १९४७-४८मध्ये तो चार्ली पार्करच्या मागे क्लबाक्लबातून मशीन घेऊन फिरला. पार्कर वाजवायला लागला की मशीन चालू, इतरांची पाळी आली की बहुतेक वेळा बंद. मुद्रणाचा कच्चा माल महाग होता, आणि त्याला फक्त पार्कर हवा होता. बेनेडेटी १९५७ साली वारला. त्याच्या मुद्रणांच्या दंतकथाच उरल्या होत्या, आणि अखेर १९९०मध्ये ती प्रसिद्ध झाली.

मामाचंही तसंच. २१४ कॅसेटमध्ये एकही अध्यक्षीय भाषण नाही. सत्कार, श्रीफळ, आभार सुरू झाले की खटका बंद. ऐकताना हे सुखाचं वाटतं, पण त्याची किंमतही आहे. तबल्यावर कोण, पेटीवर कोण हे निवेदक त्याच वेळी सांगतो. अनेक कॅसेटवर अप्रतिम ठेका आहे आणि तो धरणाऱ्याचं नाव कुठेच नाही. शिवाय नव्वद मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. पंचेचाळिसाव्या मिनिटाला विलंबित संपतंच असं नाही. तान अर्ध्यात तुटते, खट् होतं, आणि दुसऱ्या बाजूला गाणं कुठल्या तरी पुढच्या समेवर सापडतं. पुढे पुढे मामा सावध झालेला कळतो. चाळिसावं मिनिट उलटल्यावर तबला जुळवायला गवई थांबला, की तो लगेच कॅसेट उलटतो. पाच मिनिटांची टेप वाया, पण बंदिश अखंड.

कामाचं सांगायचं तर पहिले दोन महिने मी एक सूरही ऐकला नाही. पावसाळी दमटपणानं टेपच्या कडांवर पांढरी बुरशी आली होती. काही कॅसेटमध्ये टेप हेडवर दाबून धरणारी फेल्टची बारकी गादी गळून पडली होती. स्क्रूवाली कॅसेट उघडता येते. चिकटवलेली असेल तर जपून फोडायची आणि रिळं दुसऱ्या खोक्यात बसवायची. मग डेक. प्लेअरच्या हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो, त्यानं हेडचा तिरकेपणा बदलतो. मामाच्या टेपचं हेड ज्या कोनात होतं त्याच कोनात माझं आलं नाही, तर आवाज घोंगडी पांघरल्यासारखा येतो. दर कॅसेटला कानानं तो कोन शोधायचा. जुळला, की तंबोऱ्याची जवारी एकदम उजळते. त्यानंतरच कॉम्प्युटरवर घ्यायचं, तेही एमपीथ्री नाही. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटच्या वेव्ह फाइलला नव्वद मिनिटांचे सुमारे तीन जीबी लागतात. लागू देत.

खरा प्रश्न याच्या पुढे होता. आता हे स्वच्छ करायचं म्हणजे काय करायचं?

एका बटणात गोंगाट काढून देणारी ॲप्स आज फोनवरही आहेत. मी एक मारवा त्यातून काढून बघितला. खरखर गेली आणि तिच्याबरोबर तंबोराही गेला. यात ॲपचा दोष म्हणता येणार नाही. एकसारखा, न बदलता चालू राहणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं त्याला शिकवलेलं असतं. पंखा, एसी आणि तंबोरा त्याच्या लेखी एकच. लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ कॉलवर गाणं शिकलेल्यांना हे ठाऊक असेल: गुरुजींच्या खोलीत तंबोरा चालू असायचा आणि आपल्याकडे तो मध्येच विरून जायचा. ज्या सुरावर सगळं गाणं उभं, तोच यंत्रानं पहिल्यांदा पुसला.

मग मी उलट बाजूनं ऐकायला लागलो. खरखरीत काय काय आहे? "सेल जुने" लिहिलेल्या त्या जोगमध्ये गायकाचा सा हळूहळू वर चढत होता. सेल उतरले की टेप सावकाश फिरतो आणि मुद्रण सावकाश होतं. तेच नेहमीच्या वेगानं वाजवलं की सूर चढतो. वेगात सहा टक्के फरक पडला की पांढरी चारची काळी तीन होते. मूळ पट्टी कुठली हे कळणार कसं? तर मांडवातल्या लाउडस्पीकरची एक घुमघुम टेपमध्ये आली होती. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. घुमघुम ५० आणि तिच्या पटीत पडायला हवी. ती वर सरकत गेली, तर सरकलेल्या अंतरावरून टेप किती मंदावला होता ते कळतं. विजेची फ्रिक्वेन्सीही थोडी खालीवर व्हायची, त्यामुळे हे माप काटेकोर नाही. पण पेटीचे सूर धरून ताळा घेतला तेव्हा जुळलं. जी घुमघुम मी सगळ्यात आधी पुसणार होतो, तिनंच गायकाला त्याची पट्टी परत दिली.

वारणानगरच्या एका कॅसेटवर तारीख नाही. मालकंसाच्या मध्यावर लांबून कारखान्याचा भोंगा ऐकू येतो. पाळ्या चार, बारा आणि आठच्या. रात्रीच्या गाण्यात वाजला म्हणजे बाराचा. मुक्कामाला आलेली गाडी, कुत्री, एका लहान मुलाचं रडणं, समेवरची दाद. आणि सगळ्यांत मोठा आवाज मामाच्या खोकल्याचा, कारण माइकच्या सगळ्यांत जवळ तोच बसलेला.

आता प्रत्येक कॅसेटच्या दोन फाइल आहेत. एक जशी निघाली तशी. तिला हात लावायचा नाही. दुसरी ऐकण्यासाठी: वेग दुरुस्त केलेला, खटके काढलेले, खरखर थोडी उतरवलेली, पण तंबोरा पूर्ण राहील इतकीच. खोकला दोन्हीकडे ठेवलाय. मामीनं ऐकलं आणि म्हणाली, "सिगारेट सोडायच्या आधीचं दिसतंय." त्यावरून त्या कॅसेटचं साल ठरलं.

एका कॅसेटपाशी मात्र मी अडलो. चौथ्या मिनिटाला एक गायिका गाणं थांबवून स्वच्छ आवाजात म्हणतात, "ते मशीन बंद करा." खसखस होते, आवाज दबतो. पण टेप बंद होत नाही. बहुधा शालीखाली गेला. पुढची एक्केचाळीस मिनिटं कापडाआडून येतात, आणि मामाच्या सगळ्या संग्रहात यापेक्षा सुंदर काही नाही.

बाईंचं म्हणणं जुनंच होतं. केसरबाईसुद्धा मैफलीतल्या मुद्रणाबाबत फार कडक होत्या. त्यांची तीन-साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. ती रीतसर तबकडीवरची होती. मैफल समोर बसलेल्यांसाठी असते, चोरून नेण्यासाठी नाही, हा त्यांचा हक्क होता. कायद्यात तो १९९४च्या दुरुस्तीनं आला. स्वतःपुरतं ऐकायला केलेलं मुद्रण कायदा चालवून घेतो, पुढे वाटणं मात्र त्यात बसत नाही. पण इथं कायद्याचीही गरज नाही. त्या स्पष्ट नाही म्हणाल्या होत्या, आणि ते नाही टेपवरच आहे.

मित्र म्हणतात, बाई आता नाहीत, नाव न टाकता अपलोड कर, लोक ऐकतील तरी. अल्लादिया खाँसाहेबांची अशी एखादी चोरटी टेप निघाली असती, तर मीही रात्रभर ऐकत बसलो असतो, हे मला कळतं. आणि तरीही. मामाचं प्रेम खरं होतं म्हणून त्यांचं नाही खोटं ठरत नाही. टेप टिकवणं हे माझं काम. ती सगळ्यांना ऐकवायची की नाही, हे माझ्या हातात नाही.

बाईंच्या एका शिष्येचा पत्ता मिळवून मी त्यांच्या घरच्यांना पत्र लिहिलं. काय आहे, कसं मिळालं, चौथ्या मिनिटाला काय होतं, सगळं लिहिलं. तुम्ही म्हणाल तसं करीन, असंही लिहिलं. सहा महिने झाले, उत्तर आलेलं नाही. तोवर कॅसेटची फाइल दोन हार्ड डिस्कवर आहे. तिला राग, गाव आणि मामाच्या अक्षरातली तारीख दिली आहे. कुणाला पाठवलेली नाही.