दंडावरचा वण

१९६३ साल असावे. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. आमच्या गावात देवी टोचणारा आला, की मुलांची पळापळ होत असे. कुणी माळ्यावर दडे, कुणी उसात. मी धान्याच्या कणगीमागे लपलो होतो.

भीतीला कारणही घडले होते. आदल्या वर्षी टोचल्यानंतर माझ्या वर्गातील एका मुलाचा दंड लालभडक सुजला आणि तीन दिवस तो तापाने फणफणला. तो बरा झाला, पुन्हा विटीदांडू खेळू लागला. परंतु गावात त्याच्या सुजलेल्या हाताचीच कथा उरली. दर वेळी सांगताना तो हात थोडा अधिक सुजे! त्याच दिवशी टोचून घेतलेली बाकीची मुले मुकाट्याने शाळेत आली होती. त्यांची कथा कोण सांगणार?

आजीने मला कणगीमागून ओढून काढले. तिच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते.

"आम्ही पाच भावंडं. एका उन्हाळ्यात पाचांनाही देवी आल्या. उरलो तिघं, नि त्यातल्या धाकट्याचे डोळे गेले. सुजलेल्या हाताचं मला काय सांगतोस?"

मी निमूटपणे हात पुढे केला. दातेरी चकती दंडावर फिरली. रात्री मलाही ताप आला. आजी उशाशी बसून होती. पण ती घाबरलेली दिसली नाही.

मोठेपणी मी आकडे वाचले. देवीच्या रोगाने शंभर रोग्यांपैकी सुमारे तीस दगावत. लस अगदीच निर्धोक होती असे नाही. प्रथमच टोचलेल्या दहा लाखांत एखाद-दुसरा जीव तिच्यामुळे जाई. ज्या घरावर तो प्रसंग ओढवे, त्या घराला दहा लाखांचा हिशेब कसा पटावा? तरीही तेवढ्याच मुलांना देवी आल्या असत्या, तर सुमारे तीन लाख घरांत आकांत झाला असता.

भारतातील देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली आढळला. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. मग टोचणेही थांबले. रोगच उरला नाही, तेव्हा दहा लाखांतला तो एक जीव तरी धोक्यात का घालावा? हिशेब तोच होता. तराजूचे एक पारडे तेवढे रिकामे झाले होते.

परवा माझ्या नातीने माझ्या दंडावरच्या वणावर बोट ठेवले आणि विचारले, "आजोबा, इथं कशानं भाजलं हो?"