डन एवढा युक्तिवाद का करतो?

चि. सोनूस,


इंग्रज कवी डन वाचताना डोकं शिणतं, पण मन हलत नाही, असं तू लिहिलं आहेस. हा आक्षेप जुना आहे. १७७९ साली डॉ. जॉन्सननं कवी काउलीवर लिहिताना डनच्या पंथातल्या सगळ्याच कवींना धारेवर धरलं होतं: एकमेकींशी नातं नसलेल्या कल्पना हे ओढूनताणून एकत्र आणतात आणि हृदयापर्यंत पोचत नाहीत.

१९२१ साली एलियटनं या कवींची बाजू घेतली. डनच्या लेखी विचार हाच एक अनुभव होता. पुढे इंग्रजी कवितेत विचार आणि भावना यांची फारकत झाली आणि मिल्टन व ड्रायडन यांच्या प्रभावानं ती वाढली, असं त्याचं म्हणणं. त्यातला फारकतीचा इतिहास मला पटत नाही. वर्ड्‌स्वर्थचं भावनेच्या उत्स्फूर्त उसळीबद्दलचं वाक्य सगळे सांगतात. पण ते वाक्य ज्या १८००च्या प्रस्तावनेत आहे, तिच्यातच तो लगेच बजावतो की, मोलाची कविता दीर्घ आणि खोल विचार केलेल्या माणसाच्याच हातून होते. कीट्सही १८१८च्या एका पत्रात म्हणतो की, तत्त्वज्ञानातली सूत्रं स्वतःच्या नाडीवर पारखल्याशिवाय खरी ठरत नाहीत. फारकत झालेल्या घरात अशी भाषा बोलली जात नाही.

डनबद्दल मात्र एलियट खरं बोलला. डनची एक निरोपाची कविता घे. १६०१ साली डननं ॲन मोरशी गुपचूप लग्न केलं, त्यापायी नोकरी गमावली, तुरुंगही पाहिला. १६११ साली फ्रान्सला निघताना त्यानं ही कविता तिच्यासाठी लिहिली, असं त्याचा चरित्रकार वॉल्टन सांगतो. रडू नकोस, एवढंच तिला सांगायचं आहे. त्यासाठी तो आधी सज्जनांच्या शांत मरणाचा दाखला देतो, मग भूकंपाचा आणि आकाशातल्या गोलांच्या कंपनांचा, मग ठोकून वर्खासारखं पातळ केलेल्या सोन्याचा आणि शेवटी कंपासच्या दोन पायांचा. एक दाखला पुरत नाही म्हणून दुसरा. त्यातही सोनं तुटत नसलं तरी पातळ होतंच, हे त्याला दिसत असणार. म्हणून तर तो पुढे कंपासकडे वळतो, कारण त्यातला फिरणारा पाय परत येतो. ज्याच्या मनात धाकधूक नाही, तो इतकं पटवत बसत नाही. या कवितेत कुठेही आक्रोश नाही. भीती किती आहे ते युक्तिवादाच्या लांबीवरून कळतं. तो युक्तिवाद काढून टाकलास, तर उरेल फक्त एक चारचौघांसारखा निरोप.

म्हणून कवींची बुद्धीचे आणि हृदयाचे अशी वाटणी करू नकोस. परीक्षेत ती सोयीची पडते, वाचताना आड येते. ही कविता पुन्हा एकदा मोठ्यानं वाच, प्रत्येक दाखल्यापाशी थांब आणि स्वतःला विचार: याला हे इतकं का पटवावं लागतं आहे? मग मन हललं की नाही, ते मला कळव.

तुझा,
मामा